शब्दांची खतावणी

'सेव्हरल' या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला, तर पाचवी-सहावीतील मुलगाही 'अनेक' असे चटकन सांगेल. १९८६ साली मीही तेच सांगितले होते. फरक इतकाच, की माझ्या उत्तराची किंमत एका सज्जन व्यापाऱ्याला मोजावी लागली.

त्या वेळी मी सांगलीतील एका बँकेच्या शाखेत कर्ज विभागात कनिष्ठ अधिकारी होतो. एम.कॉम.ची पदवी होती, बँकिंगच्या परीक्षाही दिल्या होत्या, आणि आपल्याला इंग्रजी येते असा समज होता. हळदीचे एक अडत व्यापारी, ज्यांना सारी पेठ आप्पा म्हणत असे, एका परिचिताच्या कर्जाला जामीन राहण्यासाठी आले. दुसऱ्या जामीनदाराची सही आधीच झाली होती. जामीनपत्र इंग्रजीत होते. आप्पांचे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. पण न वाचता सही करायची नाही, हा त्यांचा नियम होता. अक्षरे जुळवत ते एका ओळीशी थांबले.

"साहेब, हे 'जॉइंटली अँड सेव्हरली' म्हणजे काय हो?"

"दोघांनी मिळून जबाबदारी घ्यायची, आप्पा. जामीनदार अनेक असले की बोजा वाटला जातो. तुमच्याकडे निम्मा."

आप्पांनी सही केली. दोन वर्षांत कर्जदाराचा धंदा बसला. दुसऱ्या जामीनदाराकडे वसूल करण्याजोगे काहीच उरले नव्हते. बँकेने संपूर्ण रक्कम आप्पांकडे मागितली, आणि कायद्याने ते योग्यच होते. 'सेव्हरल'चा मूळ अर्थ 'वेगळा, स्वतंत्र' असा आहे; 'सेपरेट' या शब्दाशी त्याचे नाते आहे. 'अनेक' हा अर्थ त्याला पुढे चिकटला. तेव्हा 'जॉइंटली अँड सेव्हरली' म्हणजे सर्वांनी मिळून, आणि शिवाय प्रत्येकाने स्वतंत्रपणे. धनको कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. ज्याने ती भरली त्याला दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचा वाटा मागण्याचा हक्क १८७२च्या भारतीय करार कायद्याने दिलेला आहे. परंतु ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्याकडून हक्काने तरी काय मिळणार?

आप्पांनी साठवलेली हळद पडत्या भावात विकून पैसे भरले. शेवटची पावती घेताना ते एवढेच म्हणाले, "साहेब, शब्द तुमचा होता, पण सही माझी होती." आवाजात राग नव्हता, म्हणून ते वाक्य आजवर सोबत राहिले आहे.

तो शब्द मी कधी पाहिलाच नव्हता असे नाही. परीक्षेच्या पुस्तकात तो होता. उत्तराचा एक भाग म्हणून मी तो पाठ केला होता आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. आमच्या पिढीचे इंग्रजी असेच घडले. पाचवीपासून इंग्रजी, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, वीरकरांची डिक्शनरी, आणि शब्दांच्या याद्या. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ. आज महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे, परंतु स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या वह्या पाहिल्या तर याद्या त्याच आहेत. यादीतला शब्द हा पत्ता नसलेल्या गिऱ्हाइकासारखा असतो. नाव ठाऊक असते. तो कोठे राहतो, कोणाशी व्यवहार करतो, त्याची पत काय, यातले काहीच ठाऊक नसते.

कर्जबाजारी माणसाची कादंबरी

आप्पांच्या प्रकरणानंतर मी इंग्रजी नव्याने वाचू लागलो. नगर वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांत चार्ल्स डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफील्ड' ही कादंबरी होती. शाळेत तिची संक्षिप्त आवृत्ती वाचली होती, पण मूळ पुस्तक उघडले आणि ध्यानात आले की संक्षिप्त करणाऱ्याने नेमके माझ्या उपयोगाचे शब्दच गाळले होते.

ही कादंबरी १८४९ आणि १८५० या दोन वर्षांत मासिक भागांनी प्रसिद्ध झाली. तिच्यात मिकॉबर नावाचे एक पात्र आहे. मिकॉबर मनाने उदार, बोलण्यात भारदस्त आणि कायमचे कर्जबाजारी. काहीतरी चांगले घडेल या आशेवर त्यांचा संसार चाललेला असतो. कर्ज न फेडल्याबद्दल त्यांना तुरुंगात जावे लागते. डिकन्सने हे कल्पनेने लिहिलेले नाही. १८२४ साली त्याच्या वडिलांना ४० पौंड आणि १० शिलिंगांच्या देण्यापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात ठेवले होते. धनको एक पाववाला होता. त्या वेळी १२ वर्षांचा चार्ल्स बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना कागद चिकटवण्याचे काम करीत होता. अशा मुलाने पुढे लिहिलेल्या पुस्तकात देणे-घेणे, हुंडी, जामीन, जप्ती यांचे शब्द किती खरे उतरले असतील, याची कल्पना व्यापारी घरातील वाचकाला सहज येईल.

मिकॉबरची एक सवय आपल्या फार कामाची आहे. ते एखादे लांबलचक, लॅटिन वळणाचे वाक्य बोलू लागतात, मध्येच अडखळतात, 'थोडक्यात सांगायचे तर' अशा अर्थाचे शब्द उच्चारतात आणि तीच गोष्ट साध्या इंग्रजीत सांगून मोकळे होतात. म्हणजे अवघड शब्द आणि त्याचा सोपा अर्थ एकाच माणसाच्या तोंडून, एकाच दमात मिळतो. असा शब्दकोश पैसे देऊनही मिळायचा नाही.

पैशाबाबतचा त्यांचा सल्ला इंग्लंडमध्ये म्हणीसारखा झाला आहे. वर्षाचे उत्पन्न २० पौंड असता खर्च त्याहून सहा पेनींनी कमी राहिला तर सुख, सहा पेनींनी वाढला तर दैन्य. त्या काळी एका पौंडाच्या २४० पेनी होत. सुख आणि दुःख यांतले अंतर इतके थोडे. आपल्या आजोबांनी अंथरूण पाहून पाय पसरण्याचा जो उपदेश केला, तोच हा. फक्त आकड्यांत मांडलेला.

ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ

'अवघड इंग्रजी शब्द' म्हटले की आपल्यासमोर लांबलचक शब्द येतात. माझा अनुभव वेगळा आहे. लांब शब्द आपण शब्दकोशात पाहतो, म्हणून ते फसवीत नाहीत. फसवतात ते आखूड, ओळखीचे शब्द.

'बिल' हाच शब्द घ्या. आपल्याला बिल म्हणजे दुकानदाराची मागणीची पावती. या कादंबरीत मात्र मिकॉबर 'बिल' लिहितात आणि डेव्हिडचा मित्र ट्रॅडल्स त्यावर आपले नाव देतो. हे बिल म्हणजे हुंडी. तिच्यावर नाव घालणे म्हणजे हुंडी सकारणे. मुदतीच्या दिवशी पैसे आले नाहीत तर ती नकारली जाते, आणि ज्याने नाव दिले त्याच्या दारात वसुली येते. आपल्याकडील दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, शहाजोग हुंडी हे शब्द ज्या घरांत आजही ऐकू येतात, त्यांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. १८८१चा आपला परक्राम्य संलेख कायदा इंग्रजी बिलांच्या नमुन्यावर झाला, पण देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक चालीरीतींना आपण बाधा आणणार नाही, असे त्याने पहिल्याच कलमात सांगून ठेवले आहे. म्हणजे ज्ञान आपल्या घरात होतेच. इंग्रजी शब्दाशी त्याची गाठ तेवढी घालून दिलेली नव्हती.

'एक्झिक्यूशन' म्हटले की आपल्याला फाशी आठवते किंवा अंमलबजावणी. कादंबरीत ज्या घरात ट्रॅडल्स राहतो, तेथे एक्झिक्यूशन येते, म्हणजे जप्ती येते. 'डिस्ट्रेस' म्हणजे दुःख, संकट. पण मिकॉबर आपल्या पत्रात तो शब्द वापरतात, तेव्हा थकलेल्या भाड्यापोटी घरमालकाने सामान ताब्यात घेणे असा त्याचा अर्थ असतो. 'ब्रोकर' म्हणजे आपल्या पेठेत दलाल. तेथे जप्तीचे सामान उचलून नेणारा आणि विकणारा दुकानदारही ब्रोकरच.

ट्रॅडल्स भला माणूस आहे. मिकॉबरची अडचण पाहून तो नाव देतो, आणि त्या गोंधळात त्याचे स्वतःचे सामानही जाते. त्यात संगमरवरी माथ्याचे एक छोटे गोल मेज आणि त्याच्या वाग्दत्त वधूने दिलेली फुलझाडाची कुंडी असते. पुढे त्याला त्या वस्तू एका दुकानात दिसतात. आपल्याला पाहताच दुकानदार भाव वाढवील, हे जाणून तो स्वतः आत जात नाही. पेगॉटी नावाच्या व्यवहारी बाईला घासाघीस करायला पाठवतो आणि वस्तू सोडवून आणतो. हा प्रसंग वाचताना मला ते मेज दिसले नाही. पडत्या भावात गेलेली आप्पांची हळद दिसली. त्या रात्रीनंतर 'एक्झिक्यूशन'चा अर्थ मी कधी विसरलो नाही. शब्द माणसाच्या सुखदुःखाला बांधला गेला की स्मरणात राहतो. यादीत त्याला बांधायला काहीच नसते.

रोजकीर्द आणि खतावणी

आप्पा आज नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्यांचा नातू माझ्याकडे आला. हळद आणि बेदाणा परदेशी पाठवण्याची त्याची इच्छा होती आणि इंग्रजी पत्रव्यवहाराची धास्ती होती. शब्दांच्या याद्यांचे दोन जाड ग्रंथ त्याने विकत घेतले होते. दोन्ही 'बी' अक्षराच्या पुढे गेले नव्हते. "आजोबा, पाठ करतो आणि आठवड्यात विसरतो," असे तो म्हणाला. मी त्याच्या हाती 'डेव्हिड कॉपरफील्ड' दिले. पुस्तकाची जाडी पाहून तो घाबरला. तेव्हा त्याला सांगितले की मूळ वाचकांनाही ते एकदम मिळाले नव्हते. २० भाग, शेवटचे दोन एकत्र, म्हणजे १९ महिन्यांचे १९ हप्ते. व्यापाऱ्याच्या मुलाला हप्तेबंदी समजते. आम्हीही १९ महिन्यांतच वाचायचे ठरवले, दर रविवारी सकाळी दीड तास.

आमची रीत दोन वह्यांची होती. पहिली रोजकीर्द. प्रकरण आधी शब्दकोश न उघडता गोष्टीसाठी वाचायचे. दुसऱ्या वाचनात एका पानावरचे जास्तीत जास्त पाच शब्द निवडून वहीत घ्यायचे. शब्दासोबत कोण कोणाला, कोणत्या प्रसंगी बोलले, हे मराठीत लिहायचे. मग स्वतःचा अंदाज लिहायचा आणि त्यानंतरच शब्दकोश पाहायचा. अंदाज चुकला तर खोडायचा नाही. शेजारी दुरुस्ती करायची. रोजकिर्दीत खाडाखोड चालत नाही, हे त्याला घरातूनच ठाऊक होते.

दुसरी वही खतावणी. रोजकिर्दीतील शब्द महिनाअखेर मुळाप्रमाणे खात्यांत न्यायचे. उदाहरणार्थ, 'विश्वास ठेवणे' या अर्थाच्या लॅटिन धातूचे एक खाते. त्यात क्रेडिट, क्रेडिटर, क्रेडिबल हे तर आलेच; शिवाय सहज फसणारा या अर्थाचा 'क्रेड्युलस'ही आला. उधारी आणि विश्वास यांचे मूळ एकच, हे पाहून नातू हसला. "म्हणजे आजोबा, क्रेडिट देताना क्रेड्युलस व्हायचे नाही!" दुसरे खाते 'सोडवणे, फेडणे' या अर्थाच्या धातूचे. त्यात सॉल्व्ह, सॉल्व्हंट आणि इन्सॉल्व्हंट. गणित सुटते आणि देणे फिटते, दोन्ही एकाच शब्दाने.

'पेक्युनियरी' म्हणजे पैशासंबंधीचा. मिकॉबरच्या अडचणींना हे विशेषण वरचेवर लागते. त्याच्या मुळाशी गुराढोरांचा वाचक असा लॅटिन शब्द आहे, आणि तो आपल्या संस्कृत 'पशु' शब्दाचा सख्खा भाऊ आहे. पशुधन हेच एके काळी धन होते, ही गोष्ट दोन्ही भाषांनी जपून ठेवली आहे. 'बँकरप्ट'मध्ये इटालियन सावकाराचा मोडलेला बाक आहे; आपल्या 'दिवाळे' शब्दामागे भरदिवसा पेढीवर दिवा लावण्याची रीत असल्याचे जुने लोक सांगत. नातवाला हे सांगितल्यावर तो शब्द त्याने वहीत लिहिलादेखील नाही. गरजच उरली नाही.

तिसरी गोष्ट उजळणीची. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले बरेचसे पहिल्या एक-दोन दिवसांतच विसरले जाते, आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून प्रत्येक शब्दावर आम्ही मुदती हुंडीसारख्या तारखा घातल्या. पहिली मुदत दुसऱ्या दिवशी, दुसरी सातव्या दिवशी, तिसरी महिन्याने. त्या दिवशी अर्थ आठवला तर हुंडी सकारली. नाही आठवला तर पुन्हा पहिल्यापासून मुदत.

एक इशारा मात्र द्यायला हवा. शंभर शब्दांत दोनहून अधिक अनोळखी असतील तर गोष्टीचा धागा तुटतो आणि अंदाज चालत नाही, असे भाषाशिक्षणाचे अभ्यासक सांगतात. अशा वाचकाने आधी सोपे पुस्तक घ्यावे. डिकन्सचेच 'अ ख्रिसमस कॅरोल' लहान आहे आणि त्यातही एक सावकारच आहे.

शब्दांचा डौल आणि शब्दांचे मोल

सात-आठ महिन्यांनी नातवाने परदेशी गिऱ्हाइकाला एक पत्र लिहिले आणि अभिमानाने मला दाखवले. पैसे यायला उशीर झाला आहे, एवढेच सांगायचे होते. पत्र मिकॉबरनेच लिहिले असावे असे वाटत होते. मी ते त्याच्यासमोर चार ओळींत उतरवून दिले. काही शब्द चालू नाण्यासारखे असतात, काही संग्रहातील नाण्यासारखे. दोन्ही ओळखता आले पाहिजेत. बाजारात खर्च करायचे ते चालू नाणेच. स्वतः डिकन्सनेही या कादंबरीत भारदस्त शब्दांची रास रचण्याच्या हौसेची थट्टा केली आहे. कपटी उरिया हीपची लबाडी मिकॉबर सर्वांसमक्ष वाचून दाखवतात तेव्हा त्यांचे पत्र शब्दांनी ओसंडते. पण हीप पकडला जातो तो त्या शब्दांनी नव्हे, तर मिकॉबरने चिकाटीने जमवलेल्या कागदपत्रांनी आणि हिशोबांनी.

इंग्रजी वाचले म्हणजे मराठी सुटते, अशी भीतीही काही पालक बोलून दाखवतात. आपल्याकडील अनुभव उलट आहे. कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांनी डॉ. जॉन्सनची 'रासेलस' ही कथा मराठीत आणली. जॉन्सन म्हणजे १७५५चा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश सिद्ध करणारा पंडित; त्याची भाषा पेलता पेलता मराठी गद्य बळकट झाले. अण्णासाहेब लठ्ठे यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात इंग्रजी शिकवले, शाहू छत्रपतींचे चरित्र इंग्रजीत लिहिले, आणि समाजाचे काम मराठी-कन्नड बोलणाऱ्या माणसांत केले. आपल्या सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालचे. तेथे इंग्रजी शिकवणारे वि. कृ. गोकाक कन्नडचे थोर कवी झाले. तेथेच इंग्रजी शिकवणारे म. द. हातकणंगलेकर मराठीचे मान्यवर समीक्षक झाले आणि २००८ साली सांगलीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. परकी भाषा नीट वाचणारा माणूस आपली भाषाही अधिक नीट वाचू लागतो.

आमचे १९ हप्ते पूर्ण झाले. मधल्या काळात एका रविवारी मी नातवाला त्याच्या आजोबांच्या जामीनपत्राची हकीकत सांगितली. ती टाळणे योग्य नव्हते. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आप्पा घरी ही गोष्ट सांगायचे. पण त्यात ते स्वतःच चुकले होते. तुमचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही."

गेल्या दिवाळीच्या सुमारास एका मित्राने त्याला आपल्या कर्जासाठी जामीन राहण्याची गळ घातली. इतर दोन जामीनदार होते. नातू कागद घेऊन माझ्याकडे आला. विचारायला नव्हे, वाचून दाखवायला. 'जॉइंटली अँड सेव्हरली'शी तो थांबला आणि त्याचा अर्थ त्याने मला नीट सांगितला. मित्राला त्याने नाही म्हटले नाही. आपल्याला झेपेल तेवढ्या ठरावीक रकमेपुरतेच जामीनपत्र घ्यावे, असे त्याने बँकेला लेखी कळवले, वकिलाकडून मसुदा तपासून घेतला आणि मग सही केली. मैत्रीही राहिली आणि घराची सुरक्षितताही राहिली.

आपल्या घरातील मुलांना याद्या पाठ करायला लावण्यापूर्वी एकदा हा प्रयोग करून पाहावा. पुस्तक जुने आहे, स्वस्तात मिळते, वाचनालयातही असते. दोन कोऱ्या वह्या आणि रविवारची सकाळ एवढेच भांडवल लागते. आणि आपल्या कोणत्याही कागदावर सही करण्याआधी, ओळखीचा वाटणारा शब्द पुन्हा एकदा शब्दकोशात पाहावा.